हवेत उभं राहण्याची किंमत

संध्याकाळ उतरत असताना बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आपल्या गच्चीवर निवांत बसा. पाठ ताठ, खांदे सैल. रेसकोर्सकडून येणारी वाहनांची घरघर कानावर येऊ द्या. श्वास जसा चालला आहे, तसाच चालू द्या.

आता समोरच्या गच्चीच्या थोडं वर एक ड्रोन आहे अशी कल्पना करा. चार पंखे, आणि एका जागी उभा. त्याच्याकडे सावकाश पाहा. दोन पंखे एका दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने. म्हणून मधला सांगाडा स्वतःभोवती गरगरत नाही. झुळूक येते, एक कडा जराशी कलते. आतला जायरोस्कोप ते टिपतो आणि त्या कडेचे पंखे वेग वाढवतात. सेकंदाला शेकडो वेळा हे चालू असतं. आपल्याला दिसतो तो फक्त त्याचा ठहराव.

हा ठहराव कशावर उभा आहे, याचा विचार करा. संक्रांतीला याच गच्चीवरून चढवलेल्या पतंगाला वारा उचलतो आणि मांजा धरून ठेवतो. ड्रोनला यातलं काहीच नाही. हवा सतत खाली ढकलत राहायची आणि त्या जोरावर स्वतःचं सगळं वजन पेलायचं. तसूभरही पुढे न सरकता बॅटरी उतरत जाते.

आयआयटी मुंबईत शिकलेल्या अंकित मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी सुरू केली. पुण्यात दिघीला असलेल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी ‘नेत्र’ हा ड्रोन घडवला. वजन जेमतेम दीड किलो, हवेत राहण्याची मुदत सुमारे अर्धा तास. पुढे त्यांचंच ‘स्विच’ आलं. ते हेलिकॉप्टरसारखं सरळ वर चढतं, मग विमानासारखं पंखांवर उडतं आणि दोन तास हवेत राहू शकतं. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्कराने त्याची मागणी नोंदवली.

एक दीर्घ श्वास घ्या. या वाढलेल्या वेळामागे एक निर्णय आहे. वेग आला की पंखांवरून वाहणारी हवाच वजन उचलते. मोटरला फक्त हवेचा अडसर कापायचा उरतो. म्हणून अधांतरी उभं राहणं चढण्या-उतरण्यापुरतं राखलं.

मग नुसतं उभं राहणारं यंत्र कमी प्रतीचं का? २०१३ साली उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला ‘नेत्र’च वापरला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा गच्चीवर अडकून पडलेल्या कुटुंबाची अवस्था कशी असते, हे या शहराने अनुभवलं. अशा गच्चीवरून भरकन निघून जाणारं विमान तिथल्या म्हाताऱ्या माणसाला नीट पाहू शकत नाही. तिथे थांबावंच लागतं, बॅटरी खर्च करून थांबावं लागतं.

आता नजर स्वतःकडे वळवा. आज आपलं मन कुठे कुठे घिरट्या घालत राहिलं? कुणाच्या बोलण्यावर, कुठल्या जुन्या हिशोबावर? तिथे आपल्यावाचून कुणाचं अडलं होतं का? उत्तराची घाई नको. प्रश्न मनात राहू द्या.

मन एका जागी धरून ठेवायला बळ लागतं, आणि ते बळ मोजकं असतं. जो खरोखर आपली वाट पाहत आहे, असा एक माणूस आज आठवा. उद्या त्याच्यापाशी थांबा, पुरेसा वेळ थांबा.