‘बॅकअप आहे सर’ हे उत्तर नव्हे

मागच्या शनिवारी दुपारी तुमच्यापैकी, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी, एकाच्या सर्व्हर रूममध्ये मी पावणेपाच तास बसलो होतो. कोणाच्या आणि कुठे, ते लिहिणार नाही. त्याला माहीत आहे, तेवढं पुरे. नवीन रॅक दाखवायला त्याने मला बोलावलं होतं. ३ होस्ट, १ स्टोरेज, त्यावर ४१ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). प्रत्येक केबलला लेबल, जमिनीवर धुळीचा कण नाही. मी विचारलं, “उद्या ही खोली जळाली तर?” तो लगेच म्हणाला, “बॅकअप आहे सर. रोज रात्री दोनला होतो, सकाळी ‘सक्सेसफुल’ म्हणून मेल येतो.” मी म्हटलं, “मग एक व्हीएम उठवून दाखव. या रॅकमधलं काहीही शिल्लक नाही असं धरायचं. कोपऱ्यातला तो जुना रिकामा सर्व्हर घे आणि त्याच्यावर उठव.”

बॅकअपचा डबा त्याच रॅकमध्ये तळाला होता. म्हणजे तो गेला. दुसरी प्रत शेजारच्या इमारतीत होती. तिकडे गेलो तर ती १९ दिवसांची शिळी निघाली. मधली लिंक तुटलेली कोणी पाहिलीच नव्हती. ठीक आहे, शिळी तर शिळी. बॅकअप सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुठे? पासवर्ड मॅनेजरमध्ये. पासवर्ड मॅनेजर कुठे? त्याच ४१ पैकी एका व्हीएमवर. डीआर प्लॅनची, म्हणजे आपत्तीतून सावरण्याच्या योजनेची, ३४ पानांची फाईल? फाईल सर्व्हरवर, म्हणजे आणखी एका व्हीएमवर. छापील प्रत नाही. स्टोरेजच्या व्हेंडरचा नंबरही त्याच फाईलमध्ये. शेवटी टेबलाच्या खणात एक जुनी डायरी सापडली, तिच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला पासवर्ड होता. तो नसता तर आम्ही तिथेच थांबलो असतो. डेटाबेसचं व्हीएम परत आणायला अडीच तास लागले. ते उठलं आणि लॉगिनपाशी अडलं, कारण खातं ओळखणारा डोमेन कंट्रोलर नव्हता. डोमेन कंट्रोलर आठ महिन्यांपूर्वी बदलला होता आणि नवा बॅकअपच्या यादीत घालायचं राहून गेलं होतं. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्या डायरीतही नव्हता.

सव्वासहाला आम्ही थांबलो, तेव्हा ४१ पैकी १ व्हीएम चालू होतं आणि त्यात शिरायला वाट नव्हती. त्या ४१ मध्ये एका व्हीएमवर लोकांच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आहेत.

तो मुलगा तुमच्यातला सर्वांत मेहनती. त्याने निदान मला करून पाहू दिलं आणि सोमवारी फोन करून “सर, चुकलो” म्हणाला. म्हणून हे पत्र त्याला नाही, बाकीच्यांना आहे. रविवारी मी तुम्हां सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता: शेवटचा रिस्टोर कधी केलात? एकानेही तारीख सांगितली नाही. सगळ्यांचं एकच उत्तर, बॅकअप आहे सर. मी बॅकअपबद्दल विचारलंच नव्हतं. प्रश्न नीट न वाचता उत्तर देण्याची सवय वर्गात होती, ती नोकरीतही घेऊन गेलात.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर काय लिहिलं होतं ते आठवा. व्हीएम म्हणजे शेवटी एक फाईल. पूर्वी एका लोखंडी डब्यात एक सर्व्हर असायचा. डबा बिघडला की एक काम बंद पडायचं, बाकीची चालू राहायची. आता मेल, हिशोब, डेटाबेस, डीएनएस, सगळं एकाच स्टोरेजवरच्या फायलींत आहे. इतकंच काय, ज्या सर्व्हरवरून तुम्ही हे व्हीएम सांभाळता तोही त्यांच्यातलंच एक व्हीएम आहे. व्हर्च्युअलायझेशनने तुमचं काम हलकं केलं, पण धोका एका जागी गोळा करून ठेवला. हे समजून घ्यायला मी तुम्हाला तीन आठवडे दिले होते. तरीही तुमच्यातले दोघे अजून स्नॅपशॉटला बॅकअप म्हणतात. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क आहे तिथेच राहते आणि पुढचे बदल तेवढे वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जातात. मूळ डिस्क गेली की त्या बदलांना अर्थ उरत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिसरा म्हणतो, आमच्याकडे रेप्लिकेशन आहे. रेप्लिकेशन इमानदार असतं: तुम्ही इकडे चुकून पुसलं की तिकडेही तत्परतेने पुसलं जातं. आणि हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी एक होस्ट पडला तर व्हीएम दुसऱ्यावर चालू करते. दोन्ही होस्ट ज्या स्टोरेजवर उभे आहेत ते गेलं तर ती काहीही करू शकत नाही. तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत. तिन्ही मिळूनसुद्धा बॅकअप होत नाही.

‘मेल येतो’ या शब्दांची मला चीड का येते ते सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब नावाच्या कंपनीत दोन डेटाबेस सर्व्हरमधलं रेप्लिकेशन मागे पडलं होतं. दिवसभर राबलेला एक इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी रिकामी करायला बसला आणि कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग ते बॅकअपकडे वळले. रोजच्या डेटाबेस बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होतं. अपयशाचे मेल निघत होते, पण त्यांवर योग्य सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. बॅकअपचे आणि रेप्लिकेशनचे मिळून पाच मार्ग होते, एकही नीट चालत नव्हता. त्यांना वाचवलं ते एका स्नॅपशॉटने. तो त्यांच्यापैकी एकाने सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर उतरवला होता. तरी साधारण ५००० प्रोजेक्ट, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० खाती गेली, आणि सेवा उभी राहायला १८ तास लागले.

त्या इंजिनिअरला मी दोष देत नाही. रात्री उशिरा हात कोणाचाही चुकतो, माझाही चुकला आहे. दोष आहे तो बॅकअप नियमितपणे रिस्टोर करून न पाहिल्याचा. आणि त्या कंपनीने सगळा पाढा स्वतःहून जगासमोर वाचला, म्हणून मी तो तुम्हाला शिकवू शकतो. मी तो शिकवला होता. तुम्ही परीक्षेत लिहिलाही होता.

स्ट्रासबर्गच्या आगीचंही लिहिलं होतंत. १० मार्च २०२१ च्या पहाटे ओव्हीएच या कंपनीचं तिथलं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं मूळही गेलं, नक्कलही गेली. कंपनीचे संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी त्याच पहाटे ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं की आपापला डीआर प्लॅन सुरू करा. ज्यांच्याकडे प्लॅन नव्हता त्यांनी काय सुरू करायचं होतं? सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीतून आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायली ठेवणारी जी-ड्राइव्ह ही साठवण जळाली, ८५८ टीबी. बाहेर प्रत नव्हती. कारण असं दिलं गेलं की डेटा फार मोठा होता. हेच कारण तुमच्यातल्या एकाने मला जूनमध्ये सांगितलं होतं, त्याच शब्दांत.

मोठा आहे म्हणून प्रत ठेवायची नाही? मोठा आहे म्हणूनच आधी गणित करायचं. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाईनवरून परत आणायचा तर, लाईन क्षणभरही न थांबता पूर्ण वेगाने चालली तरी, सव्वानऊ दिवस लागतात. हे आठवीतलं गणित आहे. ते न करता तुम्ही कागदावर ‘चार तासांत पूर्ववत’ असं लिहिता आणि खाली सही करता. किती वेळात उभं राहायचं आणि किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, हे दोन आकडे मनाने लिहायचे नसतात. लेखा विभागाला विचारा, लॅबमधल्या बाईंना विचारा, काउंटरवर बसणाऱ्याला विचारा: तुमचं काम किती वेळ थांबलेलं चालेल? तो आकडा घ्या आणि मग मोजून बघा की तुमच्या लाईनला, तुमच्या डिस्कला तो झेपतो का. झेपत नसेल तर साहेबांपुढे तसं लेखी ठेवा. ‘मॅनेजमेंट बजेट देत नाही’ हे मला ऐकवू नका. किती तास काम बंद पडेल आणि त्याची किंमत काय, हे लिहून कधी मागितलंत का? न मागता मिळालं नाही म्हणून कुरकुर करणं हे जबाबदार माणसाचं लक्षण नाही.

सराव करायला चालू काम थांबवता येत नाही, ही तुमची आणखी एक सबब. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले ते पावणेचारपर्यंत, आणि डीआर साईट असूनही ती वापरली गेली नाही. त्यानंतर सेबीने नियम आवळले. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला: आधी ४५ मिनिटं मुख्य साईटवरून, मग तासभर डीआर साईटवरून, खरे पैसे आणि खरे सौदे. देशाचा शेअर बाजार शनिवारी हा सराव करू शकतो. तुमच्या व्हीएमना रविवारची सकाळ मिळत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आणि आगीचीच भीती बाळगू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी सर्व्हरबरोबर दोन्ही बॅकअपही कुलूपबंद केले. ज्या खात्याने तुम्ही व्हीएम चालवता त्याच खात्याने बॅकअप पुसता येत असेल, तर चोरालाही तो पुसता येतो. एक प्रत अशी ठेवा की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती तुम्हालाही बदलता येणार नाही.

येत्या रविवारी काय करायचं ते सांगतो. डीआर प्लॅन छापून दोन प्रती काढा, एक घरी, एक ऑफिसच्या बाहेरच्या कुठल्या तरी कपाटात. त्यात पासवर्ड कुठे मिळतील आणि फोन कोणाला करायचा हे असू द्या; पासवर्ड मोहोरबंद पाकिटात, वेगळे. कुठलं व्हीएम आधी उठवायचं, कुठलं नंतर, हा क्रम लिहा. डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर आधी, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन. मग रॅक नाही असं समजून, इंटरनेट आणि एका रिकाम्या सर्व्हरच्या जोरावर, सर्वांत महत्त्वाचं व्हीएम उभं करा, आणि ते उठलं एवढ्यावर थांबू नका. ज्या माणसाचं ते काम आहे त्याला बोलवा, त्याला लॉगिन करू द्या, कालचा एक रिपोर्ट उघडून वाचू द्या.

सुरू केलं ती वेळ आणि त्याने रिपोर्ट वाचला ती वेळ, दोन्ही घड्याळात बघून मला लिहून पाठवा. नऊ तास लागले तर नऊ लिहा. जमलं नाही तर जमलं नाही असं लिहा, कुठे अडलं ते लिहा, मी मदतीला येईन. सोमवारी सकाळी दहापर्यंत वाट बघतो आहे.