पिकलेलं पडवळ



आजचं वाचन तेराव्या अध्यायातलं, गीतेच्या आठव्या श्लोकावरचं. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतलं दुःख नि दोष पुन्हा पुन्हा पाहत राहणं हे ज्ञानाचं एक लक्षण, असं भगवंत सांगतात. आपल्याला 'जरा' म्हटलं की 'जरा थांब' आठवतं. इथे जरा म्हणजे म्हातारपण. आणि माऊली त्या शब्दापाशी खरोखरच थांबतात. आज भरलेलं हे अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल, म्हणतात. हातपाय कसे होतील, तर दैव रुसलेल्या माणसाच्या धंद्यासारखे. बळ प्रधान नसलेल्या राजासारखं. आणि आज कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे.

पडवळ! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फिसकन हसलो. लगेच आमचे आजोबा डोळ्यांसमोर आले.

आजोबा 84 वर्षांचे. एस.टी.त कंडक्टर होते. सकाळी पोहे खाल्ले की नाही ते आठवत नाही, पण शेंडी, जेऊर, पांढरीचा पूल, घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा हे थांबे झोपेतून उठवून विचारा. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं तरी ते 'नगर'च म्हणतात. अर्धं गाव तेच म्हणतं, त्यामुळे त्यात विसरणं किती आणि सवय किती, हे सांगता येत नाही. मला कधी काकांच्या नावाने हाक मारतात, कधी त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हरच्या. ड्रायव्हर असलो की मान जास्त मिळतो. संध्याकाळी हरिपाठ म्हणतात आणि अर्ध्या तासाने "अरे, आज हरिपाठ राहिलाच" म्हणून पुन्हा बसतात. आजी म्हणते, "बसू दे रे, ओव्हरटाइम आहे त्यांचा."

हे सगळे किस्से मी भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. पडवळाची ओवीही टाकली, वर आजोबांचा फोटो. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

त्यानंतरच्या रविवारी आजी-आजोबांना गाडीने नेवाशाला नेलं. वाटेत आजोबांनी विचारलं, "कुलूप लावलं का रे?" लावलं म्हटलं. जेऊरला पुन्हा तेच. पांढरीच्या पुलावर भेळ खाताना तिसऱ्यांदा. घोडेगावला माझा तोल गेला. "आजोबा, चौथ्यांदा विचारताय तुम्ही!"

"मग चौथ्यांदा सांग," ते शांतपणे म्हणाले. "मी दिवसातून शंभरदा 'पुढे सरका' म्हणायचो. कुणी मोजलं नाही."

नेवाशाला प्रवरेकाठी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून माऊलींनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब तिथल्या मंदिरात आहे. आजोबा डोळे मिटून बसले आणि मी सवयीप्रमाणे हिशेब करत बसलो. परंपरेने जन्म शके 1197 चा धरला तर ज्ञानेश्वरीच्या वेळी वय पंधरा. आळंदीची समाधी शके 1218 ची, म्हणजे एकविसाव्या वर्षी. ज्याच्या वाट्याला म्हातारपण कधी आलंच नाही, त्या मुलाने ते इतकं बारकाईने लिहिलंय.

बघितलं असणार दुसऱ्यांचंच. पण लावलं कुणाला? मी फोनवर तो भाग परत काढला. तिथे 'त्यांचे डोळे' नाहीत, 'हे डोळे' आहेत. ज्ञानी माणूस ऐन तारुण्यात स्वतःच्या अंगाकडे बघून हे सगळं बोलतोय. आणि मी त्यावर आजोबांचा फोटो चिकटवला होता.

म्हणून म्हाताऱ्यांवर हसायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. हसणं काढून टाकलं तर उरते कीव, आणि कीव आजोबांना पोह्यांतल्या खड्यासारखी लागते. ते स्वतः आपल्या विसरण्यावर हसतात, पण ते आत बसून. मी बाहेर उभा राहून हसत होतो, जणू माझी गाडी या थांब्यावर येणारच नाही.

याच भागात पुढे माऊली सांगतात, की त्या अवस्थेत मनही वेडं होईल, म्हणून आत्मज्ञानाचं चिंतन आजच करून ठेव. हे मी अगदी आमच्या धंद्याच्या भाषेत वाचलं होतं, सर्व्हर पडायच्या आत बॅकअप घ्या! आता ते पटत नाही. बॅकअप दुसरीकडे ठेवलेला असतो. आजोबांचा हरिपाठ कुठे ठेवलेला नाही, तो जिभेवर मुरलाय. आज म्हटला हेही त्यांना आठवत नाही, तरी म्हणता येतो. आणि माझ्या ॲपवर रोजच्या वाचनाचा आकडा दिसतो, तो चुकला की मी बेचैन. वाचन चुकलं म्हणून नव्हे हो, आकडा तुटला म्हणून! अहंकार नसणं हेही ज्ञानाचं लक्षण आहे, आणि ते याच श्लोकात, 'जरा'च्या अगदी आधी येतं. इतके दिवस मी त्यावरून सरळ पुढे जात होतो.

तिथेच बसून ग्रुपवरचा फोटो काढायला गेलो, तर 'सगळ्यांसाठी डिलीट'ची मुदत उलटून गेली होती. मग खाली माझाच फोटो टाकला, तीच ओवी लिहून. बहिणीचं उत्तर आलं, "तू आत्ताच पिकलायस."

परतीच्या वाटेवर आजोबांनी पाचव्यांदा विचारलं, "कुलूप लावलं का रे?"

"लावलं, आजोबा."

"आणि किल्ली?"

खिसे चाचपले, डॅशबोर्ड पाहिला. आजीने पिशवी उलटी केली. घरी पोहोचलो तर किल्ली कुलपालाच लटकत होती. आजोबांनी ती काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, वय झालं तुमचं."