नुसतं सांगायचं असतं

मधुराचं लग्न वेंगुर्ल्याला समुद्रकाठी करायचं ठरलं, तेव्हा सांगलीतल्या निम्म्या नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला, "मुलगा तिकडचा का?" मुलगा पुण्याचा होता. दोघांची ओळख कॉलेजच्या सहलीत वेंगुर्ल्याला झाली, एवढाच काय तो संबंध. हल्ली तेवढं कारण पुरतं, आणि त्यात गैर काही नाही.

मधुराच्या वडिलांनी, अप्पांनी, रिसॉर्टच्या 35 खोल्या घेतल्या आणि 160 माणसांची यादी केली. एका खोलीत दोघं धरले तर 70 माणसं मावतात, हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. कार्याची आखणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, लांब असलं की निम्मे येतच नाहीत. नका काळजी करू." अप्पांना हायसं वाटलं. लांबच्या लग्नाचा हा फायदा कुणी उघड बोलत नाही. पत्रिका सगळ्यांना जाते, मानपान राखला जातो आणि पानं निम्मीच मांडावी लागतात.

पाहुण्यांच्या प्रवासाचं काम अप्पांच्या थोरल्या भावाकडे आलं. भाऊकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त माणूस कुठेतरी गुंतलेला बरा, म्हणून खरं तर काम दिलेलं. त्यांनी ते खरंच अंगावर घेतलं.

दोनशे पानी वही आणून त्यांनी पट्टीने रकाने आखले. नाव, कुठून, कशाने, जिना चढतात का, पथ्यपाणी, सोबतीला कोण, उतरवून घेणार कोण. मधुराचा भाऊ ओंकार हसला. "काका, मी ग्रुपवर लोकेशन टाकलंय. बोट लावलं की रस्ता दिसतो."

"दिसतो ना. कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात तुझ्या मावशीची बॅग लोकेशन उतरवणार आहे का?"

ऑक्टोबरात, बरोबर 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला काका आरक्षणाच्या खिडकीशी हजर. पूर्वी 120 दिवस मिळायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत निम्म्यावर आली, हे घरात फक्त त्यांना ठाऊक होतं. एका अर्जात सहा जण बसतात म्हणून ओंकारने ठाण्याच्या माणसांचे सहा-सहाचे गट पाडून दिले होते. काकांनी ते मोडले. म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे ती एकटं किंवा दोघांचंच तिकीट असेल तर. सहाजणांत आजीला कोंबलं, की बसली ती मधल्या बर्थकडे बघत. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे 11 तारखेच्या तिकिटाला 10 तारखेच्या रात्रीच घराबाहेर पडायचं. हे ज्यांना सांगावं लागेल अशांच्या नावापुढे त्यांनी लाल टिंब दिलं. टिंबं बरीच झाली, आणि त्यात दोन इंजिनिअर होते.

बंगळुरूच्या भाच्याने तर 'गोवा' एवढंच बघून दाबोळीचं विमान शोधलं होतं. जानेवारी 2023 पासून गोव्यात मोपाचा दुसरा विमानतळ चालू आहे आणि वेंगुर्ल्याला तोच जवळ. दाबोळीला उतरलं की अख्खा उत्तर गोवा ओलांडून वर यायचं. तिकीट काढण्याआधी काकांचा फोन गेला म्हणून निभावलं.

सांगली-कोल्हापूरकडच्यांसाठी त्यांनी प्रासंगिक कराराच्या दोन एसट्या ठरवल्या, आजरा-आंबोलीमार्गे. मग एकेकाला फोन. पत्रिका मिळाली का, हे विचारायला नव्हे. कुठल्या थांब्यावर चढणार, हे विचारायला. जयसिंगपूरच्या इंदूआत्यांचा फोन मी शेजारी बसून ऐकला आहे. आत्या 78 वर्षांच्या, गुडघे गेलेले.

"मला कशाला रे म्हातारीला? तुम्ही सांगायचं म्हणून सांगितलंत, मी ऐकायचं म्हणून ऐकलं. झालं की."

"आत्या, गाडी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल. पायरी उंच असते, मी लाकडी पाट घेऊन येतो. खिडकीची जागा, चाकावरची नाही."

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग आवाज आला, "रात्री मला मेतकूट-भात लागतो. लिहून घे."

काकांनी पथ्याच्या रकान्यात लिहून घेतलं.

लग्नाला महिना राहिला तेव्हा त्यांनी वही अप्पांसमोर ठेवली. येणारे 131.

अप्पांचा चेहरा उतरला. "भाऊ, अहो यातले कितीतरी येणारच नव्हते. इंदूआत्यांना नुसतं सांगायचं असतं!"

"नुसतं सांगायचं होतं तर मला फोन करायला का लावलास?"

"सोय बघा म्हटलं होतं. आग्रह करा नव्हतं म्हटलं."

"आग्रह मी कुणालाच केला नाही. थांबा कुठला ते विचारलं."

सुमनकाकू, मधुराची आई, तोवर गप्प होती. तिने वही ओढून घेतली आणि एकेक पान उलटलं. मग म्हणाली, "आता साठेक जणांना फोन करून येऊ नका म्हणायचं, तर तो फोन तुम्ही करायचा. मी करणार नाही." अप्पांनी मोबाइल हातात घेतला, पहिलं नाव काढलं, आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी खर्चाचा कागद निघाला. त्यात फोटोसाठी फुलांची भिंत होती, नवरीच्या प्रवेशाला धुराचं यंत्र होतं, एका संध्याकाळचा गायक होता. कात्री लावायला मधुराच पुढे झाली. गायक जाताना तिला थोडं जड गेलं. तिने तसं बोलूनही दाखवलं. त्या पैशांत उभादांडा, मोचेमाड आणि आरवलीतली न्याहारी-निवासाची घरं घ्यायची ठरली.

काका आणि ओंकार ती घरं बघायला गेले. संडास कमोडचा की बसका, खोली तळमजल्यावर की माडीवर, पहाटे गरम पाणी मिळेल का, सगळं वहीत. आरवलीच्या घरमालकाने त्यांना वेतोबाच्या देवळात नेलं. तिथे नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला मांडलेल्या असतात. "आमचो देव रातचो गावभर फिरता, म्हणान त्येका चपला लागतत." काका म्हणाले, "मग एक जोड मलाही लागेल आता."

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आंबोली घाटात लिंबं आणि आल्याच्या वड्या वाटूनही चौघं बेजार झाले. ठाण्याच्या मामांची एक बॅग गाडीतच राहून सावंतवाडीला गेली आणि त्यांनी सीमांतपूजन ओंकारच्या झब्ब्यात उरकलं. आदला दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. उपवासाच्या बायका किती, हे वहीत होतं, म्हणून साबुदाण्याची खिचडी वेळेवर आली. नाहीतर आचाऱ्याने कोंबडी-वड्यांची तयारी केली होती. कुडाळच्या फलाटावर ओंकार पहाटेपासून उभा होता, कारण 'उतरवून घेणार कोण' या रकान्यात काकांनी 23 नावांपुढे त्याचंच नाव लिहिलं होतं. त्याच्या दंडाला धरून उतरलेल्या एका आजोबांना तो ओळखतही नव्हता. ते अप्पांचे शाळेतले गुरुजी निघाले.

इंदूआत्या पाटावर पाय ठेवून एसटीतून उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मेतकूट मी आणलंय, भात मऊ सांगा."

पुढच्या वर्षी ओंकारचं लग्न ठरलं. जागा बघायला जाण्याआधी अप्पा यादी घेऊन बसले. प्रत्येक नावाला ते एकच विचारत, "हे आलेच, तर झोपणार कुठे?" ज्या नावांना उत्तर नव्हतं ती त्यांनी खोडली. त्या घरांना पत्रिका गेली नाही. अप्पा स्वतः पेढे घेऊन गेले आणि स्पष्ट सांगून आले, कार्य लहान करतोय, तुम्हाला बोलावू शकत नाही. दोन घरी चहासुद्धा मिळाला नाही.

यादी 70 ची झाली. लग्न सांगलीतच झालं आणि 68 जण आले. न आलेल्या दोघांचे फोन आदल्या दिवशीच आले होते, भाऊकाकांना.