समोरच्याचा चेहरा

काशीस बदली होऊन आलेल्या माणसाला पहिले काही महिने मणिकर्णिकेवरून जाताना तेथे बसलेल्या आप्तांच्या चेहऱ्यांकडे पाहवत नाही. पुढे सवय होते. वर्षभराने तोच माणूस त्याच पायऱ्यांवरून भाजीची पिशवी घेऊन जातो, आणि वाटेत कोण दिसले म्हणून घरी विचारले तर ‘कोणी नाही’ असे सांगतो. आम्हीही तसे सांगितले आहे. ही सवय म्हणजे शहाणपण की अंतःकरणास आलेली बधिरता, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत होता. आणि त्याचे उत्तर नीतिशास्त्रात शोधावे की शरीरशास्त्रात, हेच आधी ठरेना.

दुसऱ्याचे दुःख ओळखणे हे अंतःकरणाचे काम, असे आपण म्हणतो खरे. परंतु ते मेंदूतील ठरावीक जागांवर अवलंबून असते. याविषयीचे काही संशोधन याच नगरीत झाले आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील मानस मंडल आणि त्यांचे सहकारी यांनी मेंदूच्या एकाच बाजूस इजा झालेल्या रुग्णांची चेहऱ्यावरील भाव ओळखण्याची शक्ती तपासली. मेंदूच्या उजव्या अर्धास इजा झालेल्यांना अप्रिय भाव ओळखणे कठीण जाते, असा निष्कर्ष त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. अशा माणसाची पत्नी समोर खिन्न बसलेली असावी आणि त्याने जेवणाचे काय म्हणून विचारावे, हे सहज शक्य आहे. शेजारी त्याला दगडाच्या काळजाचा म्हणतील. आंधळ्यास दिसत नाही म्हणून आपण दोष देत नाही. मग यास का द्यावा?

हा युक्तिवाद आम्हांस पटला होता, आणि खरे सांगावयाचे तर थोडा सोयीचाही वाटला होता. त्यास धक्का बसला तो एका अमेरिकन स्त्रीच्या हकिकतीने. शास्त्रज्ञ तिला केवळ आद्याक्षरांनी, एस. एम. म्हणून, ओळखतात. कानशिलांच्या आत खोलवर दोन्ही बाजूंस अमिग्डाला नावाचे बदामाएवढे अवयव असतात. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ बदाम असाच आहे. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने तिचे हे दोन्ही अवयव नष्ट झाले होते. राल्फ अॅडॉल्फ्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखविले की, चेहऱ्यावरील आनंद तिला कळतो, भय मात्र कळत नाही. भ्यालेला चेहरा काढावयास सांगितला तेव्हा तिने रांगणारे मूल काढले.

येथवर शरीरशास्त्राचाच विजय दिसतो. परंतु ११ वर्षांनी, २००५ साली, त्याच संशोधकांना निराळेच आढळले. ती चेहरा पाही, पण त्यातील डोळ्यांकडे तिची नजर जातच नसे. आणि भय तर मुख्यतः डोळ्यांत असते. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले, त्यांत भयाच्या दृष्टीत पापण्या ताणून उघडलेल्या असतात. ‘डोळ्यांकडे पाहा’ एवढीच सूचना तिला दिली, आणि जे इतकी वर्षे ओळखता येत नव्हते ते भय तिला इतरांसारखेच ओळखता आले! तो अवयव नजर कोठे वळवावी हेही ठरवीत होता, आणि ते काम कोणा दुसऱ्याच्या शब्दाने होऊ शकत होते.

ब्रह्माघाटाकडील एक वृद्ध मराठी बाई एकदा पतीच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आमच्या टेबलासमोर उभी होती. आम्ही कागद चाळून म्हटले, ‘आजी, एक सही राहिली आहे, पुढल्या आठवड्यात या.’ हे वाक्य आम्ही कागदालाच सांगितले. ती गेल्यावर चपराशी म्हणाला, ‘साहब, माताजी रो रही थीं.’ आमचे दोन्ही बदाम, आमच्या समजुतीप्रमाणे, शाबूत आहेत.

यावर एक आक्षेप आम्हीच घेतो. अधिकाऱ्याने चेहरा पाहू नये, कागद पाहावा. नाहीतर ज्याला रडता येते त्याचे काम आधी होईल आणि जो मुकाट उभा राहील तो मागे पडेल. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आम्ही ते सोडावयास तयार नाही. शिवाय चेहरा वाचता येणे म्हणजे दया नव्हे. घाटावरचा एखादा बिलंदर पंडा यात्रेकरूच्या मनातील परलोकाचे भय आपल्याहून चटकन वाचतो आणि दक्षिणा वाढवितो. उलट एस. एम. ही स्नेहाळ स्त्री. भय न ओळखणारी ती परक्यांवरही नको तितका विश्वास टाकी. तेव्हा तिच्या मेंदूतील उणिवेस दुर्गुण म्हणता येत नाही, आणि आमच्या शाबूत मेंदूस सद्गुणही म्हणता येत नाही. सही राहिली होती ती राहिलीच होती. ती बाई रडते हे पाहून नियम बदलला नसता. पण पुढल्या आठवड्याऐवजी दुसऱ्या दिवशी बोलावता आले असते, आणि ते सुचण्यासाठी मान वर करणे एवढेच आमच्याकडून अपेक्षित होते.

त्या प्रयोगाचा शेवट मात्र विसरता येत नाही. सूचना थांबली आणि तिला मनाप्रमाणे पाहू दिले, तेव्हा तिची नजर पुन्हा डोळ्यांवरून ढळली आणि भय पुन्हा दिसेनासे झाले.

आजी ठरल्या दिवशी आल्या. आम्ही मान वर करून पाहिले. त्यांनी पदर सावरला, दाखविली तेथे सही केली आणि ‘झाले ना?’ म्हणून विचारले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस काही वाचता आले नाही.