ऐकण्याचा परवाना

गतवर्षीच्या श्रावणात सेनगाव तालुक्यातील एका वस्तीवर आमचे जाणे झाले. रिसोडच्या रस्त्याने दोन्ही बाजूंस सोयाबीन गुडघ्याएवढे वाढले होते आणि पावसाची रिपरिप थांबायचे नाव घेत नव्हती. या भागात आपली कुटुंबे फार विखुरलेली. एका गावात एक घर, तर दुसरे चार कोसांवर. ज्या घरी आम्ही गेलो तेथील आजींनी आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधण्यासाठी पत्र्याची पेटी उघडली. शिधापत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, लग्नाचा एक पिवळा पडलेला फोटो, आणि या सर्वांच्या तळाशी एक लहानशी पुस्तिका. तिच्या पानांवर तिकिटे चिकटवलेली व त्यांवर टपाल कचेरीचे शिक्के. हा रेडिओचा परवाना होता, आजोबांच्या नावाचा. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणून पुस्तिकेवर जिल्हा परभणी.

नातू बारावीत शिकतो. त्याने पुस्तिका उलटसुलट पाहिली व तो मोकळेपणाने हसला. “फादर, रेडिओ ऐकायला सरकारची परवानगी लागायची?” आम्ही म्हणालो, लागायची, आणि दरसाल पैसेही भरावे लागायचे, टीव्हीलाही. त्यावर तो म्हणाला, “मग बरंच झालं बंद झालं ते. आता सगळं फुकट.” छपरावर तबकडी होती, दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ची. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही. मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबरच होते. तरीही परतीच्या वाटेवर त्या ‘फुकट’ शब्दाने आमची पाठ सोडली नाही.

प्रश्न असा की, प्रत्येक घराला दूरचित्रवाणीसाठी सक्तीने वार्षिक पट्टी द्यावयास लावणे न्याय्य आहे काय? आपल्या देशापुरता हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या मध्यावर निकालात निघाला. त्यापूर्वी रेडिओसाठी वर्षाला पंधरा रुपये व दूरचित्रवाणीसाठी पन्नास रुपये टपाल कचेरीत भरावे लागत. शासनाने हे परवाने रद्द केले व खर्चाची जबाबदारी सरकारी तिजोरीवर आणि जाहिरातींवर सोपवली. मात्र एखादा प्रश्न निकालात निघणे वेगळे आणि तो सुटणे वेगळे.

या परवान्याचा इतिहास मोठा बोधक आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती खाजगी कंपनी होती व तिचा संसार मुख्यतः श्रोत्यांच्या दहा रुपयांच्या परवान्यातील वाट्यावर चालायचा होता. परवाने काही हजारांपलीकडे गेलेच नाहीत, आणि १९३० मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली. शासनाने प्रक्षेपण आपल्या हाती घेतले. मग १९३३ चा बिनतारी कायदा आला, ज्याने परवान्यावाचून नुसते यंत्र बाळगणे हाही गुन्हा ठरला. १८८५ चा तारायंत्र कायदा होताच. परक्या राज्यकर्त्याला तार, बिनतारी, छापखाना या सर्वांचीच धास्ती वाटत असे. कोणाच्या घरात कोणते यंत्र आहे याची नोंद त्याला हवी होती. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण ती नोंदवही कित्येक दशके तशीच चालू राहिली.

म्हणजे त्या पुस्तिकेत दोन निराळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या होत्या. एक परवानगी आणि दुसरी वर्गणी. त्या मुलाला हसू आले ते पहिल्या गोष्टीचे, आणि त्याचे हसणे आम्हांस रास्त वाटते. माणसाला ऐकण्यासाठी कोणाची परवानगी का लागावी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी जो हुकूमनामा काढला, त्यात मानवी समाजाला माहितीचा हक्क आहे असे स्पष्ट मान्य केले आहे. जो हक्क आहे त्याला परवाना कसला? वर्गणीचे मात्र तसे नाही. विहीर सर्वांची असली तरी तिचा गाळ कोणी तरी काढावा लागतो.

येथे आम्हांस आमच्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. ते शाळेत शिपाई होते. आमच्या ओसरीवर एक रेडिओ होता व त्याचा परवाना दरसाल नेमाने नवा केला जाई. शेजारचे गृहस्थ रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत. त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून आणलेला एक जुना संच त्यांच्याकडे होता, परवाना नव्हता. पंधरा रुपये म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची मजुरी. १९७७ किंवा ७८ साल असावे. एके सकाळी गावात वार्ता आली की तपासनीस येत आहे. अर्ध्या घटकेत सारे गाव मुके झाले. एकाही घरातून बातम्या ऐकू येईनात. शेजारी धावत आले, त्यांनी आपला संच आमच्या आईच्या हाती दिला आणि आईने तो ज्वारीच्या कणगीत पुरला. तपासनीसाने वडिलांची पुस्तिका पाहिली, शाबासकी दिली आणि विचारले, “गावात आणखी कुणाकडे रेडिओ आहे का?” वडील म्हणाले, “आपल्याला ठाऊक नाही.”

आमचे वडील खोटे बोलल्याचे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. ते रात्री जेवले नाहीत. आईने विचारले तेव्हा म्हणाले, “पंधरा रुपये भरून मी सरकारचा झालो होतो, आणि खोटं बोलून शेजाऱ्याचा झालो. दोन्हीकडं अर्धाच.” शेजारी संच घ्यायला आले तेव्हा कणगीतली ज्वारी त्याच्या जाळीत अडकली होती, पुढे कित्येक दिवस तो हलवला की खुळखुळ्यासारखा वाजे, आणि आम्हां मुलांना त्याची भारी मौज वाटे.

१९९० च्या सुमारास सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत असता एक जुना वाद आमच्यासमोर आला. काही कायदे केवळ दंडविधायक असतात काय? म्हणजे असे की ते मोडले तर दंड सोसावा, परंतु सद्‌सद्विवेकबुद्धीवर पापाचा भार नाही. सोळाव्या शतकात अल्फोन्सो दे कास्त्रो या फ्रान्सिस्कन पंडिताने आणि पुढे १६१२ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्सिस्को सुआरेझ या येशूसंघीयाने या प्रश्नाचा विस्तृत ऊहापोह केला आहे. जकात, नाक्यावरचा कर, राजाच्या रानातले लाकूड ही त्या वादातली नेहमीची उदाहरणे. वर्गात सर्वजण हिरिरीने बोलत होते. आमच्या डोळ्यांपुढे मात्र ज्वारीची कणगी उभी होती.

हा सिद्धांत सोयीचा खरा, पण आम्हांस तो पुरा पटला नाही. त्यायोगे कायदा म्हणजे पकडणारा आणि पळणारा यांचा खेळ होऊन बसतो. १९९२ च्या ‘कॅथोलिक श्रद्धाग्रंथा’ने समाजाच्या सामायिक हितासाठी कर देणे हे नैतिक कर्तव्य ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे. पण याच शिकवणीची दुसरी बाजू अशी की, कर न्याय्य असला पाहिजे, त्याचे ओझे ऐपतीप्रमाणे वाटले गेले पाहिजे आणि तो ज्या हितासाठी घेतला त्याच हितासाठी लागला पाहिजे. या कसोट्यांवर पंधरा रुपयांचा तो परवाना उतरत होता का?

ऐपतीचे पाहा. मळेवाल्याला पंधरा आणि खडी फोडणाऱ्यालाही पंधराच. डोईपट्टी हा करांतला सर्वांत आंधळा प्रकार, आणि उंबरठापट्टी तिची सख्खी बहीण. हिताचे म्हणाल तर आकाशवाणी हे सरकारी खाते होते. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७, ती सत्ताधाऱ्यांच्या मुखाने बोलली आणि श्रोत्याने तेही पंधरा रुपये भरून ऐकले. पैसे देणाऱ्याला विचारण्याचा हक्क नव्हता. पुढे जनता सरकारने नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. दरम्यान, फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. जिच्यासाठी आपण परवाना काढीत होतो ती वस्तू मुळात आपलीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परदेशांतील मंडळी अजून या प्रश्नाशी झगडत आहेत. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकाच्या आरंभी दहा शिलिंगांचा रेडिओ परवाना सुरू झाला, त्यातूनच बी.बी.सी. वाढली, आणि सरकारने कान धरला तरी तिला काही बोलता आले याचे एक कारण तो परवानाच होय, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे पट्टी चुकवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि शिक्षा होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. दिवसा दारावर थाप पडली की दार उघडणारी बहुधा घरातली बाईच असते. आमच्या आईने कणगीत हात घातला तो आम्हांस येथे आठवतो. जर्मनीने २०१३ पासून संच असो वा नसो, प्रत्येक घराकडून वर्गणी घेण्यास सुरुवात केली, मात्र शासकीय साहाय्यावर जगणाऱ्यांना तीतून सूट मिळते. फिनलंडने त्याच वर्षी परवाना मोडून उत्पन्नाच्या प्रमाणात कर बसवला आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला वगळले. फ्रान्सने २०२२ मध्ये पट्टीच रद्द केली.

आता त्या मुलाच्या ‘फुकट’कडे वळू. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून सुरू झाल्या. जाहिरातीचा खर्च साबणाच्या वडीत आणि चहाच्या पुड्यात मिसळलेला असतो. त्या आजी टीव्ही पाहत नाहीत, त्यांची दृष्टी अधू आहे. पण त्या साबण वापरतात व चहा पितात. म्हणजे जी पट्टी पूर्वी संच असलेल्या घरावर होती, ती आता संच न पाहणाऱ्या म्हातारीवरही आहे, फक्त तिची पावती मिळत नाही. सरकारी तिजोरीतून जो पैसा जातो त्यातही काडेपेटीवरच्या कराचा भाग आहेच. आणि ज्यांच्या घरी खाजगी केबल किंवा तबकडी आहे, त्यांच्याकडून २०१९ च्या नव्या नियमांनुसार पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी दरमहा १३० रुपयांपर्यंत शुल्क व वर कर असे घेतले जाऊ लागले. मालिकांच्या वाहिन्यांचे पैसे निराळे. वर्षाच्या पन्नास रुपयांसाठी संच लपवणारे आपण महिन्याचा रिचार्ज मात्र निमूटपणे मारतो. तेथे नीतीचा प्रश्न आपणांस सुचत नाही, कारण तपासनीस दारात येत नाही. पैसे संपले की पडदा आपोआप काळा होतो.

विकत घेणारा जे मागतो ते बाजारात येते. परंतु बाजारभाव, पावसाचा अंदाज, ‘आमची माती आमची माणसं’सारखा शेतीचा कार्यक्रम, कर्णबधिरांसाठी बातम्या, यांना गिऱ्हाईक कोण? सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला साबण विकून कोणी श्रीमंत होणार नाही. म्हणून सार्वजनिक प्रक्षेपण असावे, आणि त्याचा खर्च सर्वांनी मिळून सोसावा, याविषयी आम्हांस संदेह नाही. मात्र तो घरटी समान पट्टीने आणि दंडाच्या धाकाने वसूल करू नये. ज्याचे उत्पन्न अधिक त्याने अधिक द्यावे आणि खडी फोडणाऱ्याकडे हात पसरू नये. तो पैसा मंत्रालयाच्या मर्जीवर न ठेवता काही वर्षांसाठी कायद्याने ठरवून द्यावा. असे झाल्यास तिजोरी हीच मालकीण होईल, हा आक्षेप आम्ही जाणतो. त्याला आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. इतकेच म्हणतो की, परवान्याच्या दिवसांतही मालकीण तीच होती.

मत्तयाच्या शुभवर्तमानात मंदिराच्या कराचा एक प्रसंग आहे. राजे कर कोणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून, असे प्रभू येशू पेत्राला विचारतो. मुले मोकळी आहेत हे सिद्ध झाल्यावरही, कोणाला अडखळण न व्हावे म्हणून, तो त्याला गळ टाकावयास पाठवतो आणि माशाच्या तोंडातील एकच नाणे दोघांसाठी भरावयास सांगतो. या उताऱ्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले, पण दोघांसाठी एक नाणे या तपशिलाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. तपासनीस येऊन गेल्याच्या पुढल्या जानेवारीत वडिलांनी शेजाऱ्याला बरोबर घेऊन टपाल कचेरी गाठली व त्याचे पंधरा रुपये स्वतःच भरले. आईने आठवडाभर अबोला धरला. त्या शेजाऱ्यांनी सुगीला दोन पायल्या ज्वारी आणून दिली आणि हिशेब मिटला असे जाहीर केले.

सेनगावच्या त्या घरातून निघताना आजी पुस्तिका पेटीत ठेवीत होत्या. मालक म्हणायचे सरकारी कागद फेकू नये, म्हणून त्यांनी ती आजवर जपली. शेवटचे तिकीट कोणत्या सालचे ते नातवाने त्यांना वाचून दाखवले होते. आजी थोड्या घुटमळल्या, मग हळू आवाजात आम्हांस विचारते झाल्या, “फादर, त्याच्या म्होरचे पैसे भरायचे ऱ्हायलेत. आता कुठं भरायचे असतेत?” आम्ही सांगितले, काही देणे नाही, ते कधीच माफ झाले. त्यांनी पुस्तिकेभोवती प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, शिधापत्रिकेखाली ती सरकवली आणि पेटीला कडी लावली.