एका घरातला एक मोबाईल

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागे कविता, चित्रफिती, गृहपाठ ठेवण्याच्या त्यांच्या कल्पनेचे सर्वत्र कौतुक झाले. आम्हांस मात्र त्याआधीची गोष्ट मोलाची वाटते. मुलांची मायबोली कानडी, पुस्तके मात्र त्या भाषेत नव्हती; म्हणून गुरुजी स्वतः कानडी शिकले.

साधन चांगले की वाईट, हा वाद आम्हांस पोकळ वाटतो. ते कोणापर्यंत पोहोचत नाही, हा खरा प्रश्न. टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या भेटीस गेलो. घरात मोबाईल एकच. तो थोरल्या मुलाच्या हाती. धाकटी उंबरठ्यावर बसून त्याचेच धडे ऐकत होती. तिने विचारले, "फादर, माझा वर्ग केव्हा?"

आम्ही निरुत्तर झालो. मागच्याच रविवारी आम्ही प्रवचनात ऑनलाइन वर्गांची स्तुती केली होती, आणि (सांगावयास संकोच वाटतो) तेही मोबाईलवरूनच. तिने ते ऐकले असेल काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.