नाव नसलेले दुखणे

शास्त्रपाठ : योहान ९:१-३

ग्वाल्हेरला लष्करात आमच्या घरी एक पांढरा ससा आहे. मुलांनी त्याचे नाव कापूस ठेवले आहे. गेली तीन वर्षे तो आजारी आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तो खाणे टाकतो, अंग आखडून कोपऱ्यात बसतो व कराकरा दात खातो. दोन दिवसांनी जणू काही झालेच नाही असा पुन्हा गवत खाऊ लागतो. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले, लेंड्या व रक्त तपासले, क्ष-किरण फोटोही काढला. सर्व ठीक निघाले. दुखणे आहे, परंतु त्याला नाव नाही.

ससा मुका तर आहेच, पण तो दुखणे लपविणारा प्राणीही आहे. रानात जो दुबळा दिसतो तोच प्रथम शिकार होतो. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. एक दिवस पोटात काही गेले नाही तरी त्याच्या जिवावर बेतते. म्हणून त्या दिवसांत भिजवून वाटलेले खाद्य, सुई काढलेल्या पिचकारीने, दर दोन-तीन तासांनी त्याला भरवावे लागते. त्यात आमच्याकडील उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सशाला घामाने अंग निववता येत नाही. मग ओली पोती टांगावी लागतात.

उपासनेनंतर एका वडील बंधूंनी आम्हाला विचारले, “माणसे औषधावाचून तळमळत आहेत आणि तुम्ही सशापायी रात्री जागता?” प्रश्न योग्य होता. सशाच्या खर्चासाठी देवाचा वाटा किंवा गरिबाचा वाटा कमी झाला तर तो दोषच होय. परंतु ज्या प्राण्याला आपण रानातून, कळपातून तोडून पिंजऱ्यात ठेवले, त्याला आपल्यावाचून दुसरा आधार उरत नाही. त्याची काळजी घेणे हे मग दान नव्हे, देणे आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाला जपतो, असे नीतिसूत्रे १२:१० मध्ये सांगितले आहे. योनाच्या पुस्तकाचा शेवटही निनवेतील माणसांबरोबर तेथील गुराढोरांचा उल्लेख करूनच होतो.

येथे विल्यम कूपर या इंग्रज गीतकाराची आठवण होते. जॉन न्यूटन यांच्याबरोबर त्यांनी रचलेली गीते १७७९ साली ऑल्नी गीतसंग्रहात प्रसिद्ध झाली. १७७३ साली त्यांना मानसिक आजाराचा भयंकर झटका आला. देवाने आपल्याला टाकले आहे, ही भीती १८०० साली मरण येईपर्यंत त्यांना सोडून गेली नाही. १७७४ मध्ये शेजारच्या मुलांना नकोसे झालेले रानसशाचे एक पिल्लू त्यांच्याकडे आले. पुढे त्यांनी तीन रानससे पाळले व १७८४ साली एका मासिकात त्यांची हकिकत लिहिली. त्यांतला पुस एकदा तीन दिवस आजारी पडला, तेव्हा कूपर यांनी त्याची शुश्रूषा केली आणि बरा झाल्यावर त्याने त्यांचा हात चाटला. ज्या मनुष्याचे स्वतःचे दुखणे कोणाला बरे करता आले नाही, त्याच्या हातून एका मुक्या जिवाची सेवा घडली. सेवा करण्यासाठी सर्व प्रश्नांची उत्तरे हाती असावी लागत नाहीत.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? याचे, की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्यांची दृष्टी देवाच्या कार्याकडे वळविली. सशापाशी बसले म्हणजे हा धडा सहज कळतो. ससा पाप करीत नाही. त्याचा विश्वास कमी पडला असेही म्हणता येत नाही. तेथे कारण शोधणारी जीभ गप्प बसते आणि हात कामाला लागतात.

आणि येथेच आम्हाला आमचा दोष दिसला. आमच्या मंडळीत एक भगिनी आहेत. कित्येक वर्षे त्यांचे अंग दुखते, थोड्या श्रमाने त्या गळून जातात. सर्व तपासण्या निर्दोष आल्या. तेव्हा आम्हीच घरात बोललो होतो, “रिपोर्ट चांगले आहेत, मग बाई उपासनेला का येत नाहीत?” एका रात्री दोन वाजता, पिचकारी हातात असताना, हे शब्द आम्हाला आठवले. सशाचेही रिपोर्ट चांगलेच होते. पण त्याचे दुखणे खरे आहे याविषयी आम्ही क्षणभरही शंका घेतली नव्हती. मुक्या प्राण्यावर आम्ही विश्वास ठेवला आणि बोलणाऱ्या बहिणीवर ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो व क्षमा मागितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आज पाणी भरायचे राहिले आहे.” आम्ही पाणी भरले.

वाचकहो, आपल्या मंडळीतही असे कोणी असेल. त्यांना कारण विचारू नका, उपदेशही करू नका. आज काय हवे आहे, एवढे विचारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. कापूस अजून बरा झालेला नाही, त्या भगिनीही झालेल्या नाहीत. बरे करणे देवाच्या हाती आहे. सोबत करणे त्याने आपल्या हाती दिले आहे.